चार दिवसांत घर रंगवून देणाऱ्याला मी दिलेले चोपन्न हजार

१२ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी आमच्या पुण्यातल्या घरात रंगकाम सुरू झाले आणि ३ सप्टेंबरला संध्याकाळी ते पूर्ण झाल्याचे ठेकेदाराने सांगितले. हे तेवीस दिवस होतात. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या नोंदींशेजारी मी रोज किती माणसे आली आणि किती वेळ थांबली हे लिहून ठेवत होते. नंतर बेरीज केली तेव्हा प्रत्यक्ष काम साडेचार दिवसांचे भरले. उरलेले साडेअठरा दिवस आम्ही चार माणसे, त्यांत दम्याचा त्रास असलेल्या एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाई, धुळीत, आडव्या-उभ्या रचलेल्या सामानात, एकाच पलंगाभोवती राहिलो. फसवणूक रंगात झाली, मापात झाली आणि पैशांतही झाली. पण तिची सुरुवात दिवसांच्या आकड्यापासून झाली होती, हे मला फार उशिरा कळले, आणि तेच इतरांना वेळेवर कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर दोन शयनगृहांचे, ६४० चौरस फूट चटईक्षेत्राचे आहे. गणपती ७ सप्टेंबरला येणार होते आणि त्याआधी भिंती स्वच्छ दिसाव्यात एवढीच इच्छा होती. तीन जणांकडून दर मागवले. पहिल्याने बासष्ट हजार आणि अकरा-बारा दिवस सांगितले. दुसऱ्याने पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "ताई, ही भिंत अजून पाणी प्यायलेली आहे, दसऱ्यानंतर बोलवा." त्या वर्षीचा पाऊस पुणेकरांच्या लक्षात असेल, २५ जुलैला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यामुळे सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत मुठेचे पाणी शिरले होते. तरीही त्या माणसाचे म्हणणे मला टाळाटाळ वाटले, याचे आज मनापासून वाईट वाटते. तिसरा नागपंचमीच्या दिवशी आला, टेप फिरवून २,४८० चौरस फूट क्षेत्र सांगितले, मालासकट बावीस रुपये दर लावला, चोपन्न हजारांवर सौदा ठरवला आणि म्हणाला, "सोमवारी सुरू करतो, पंधरा ऑगस्टला झेंडावंदन करून आलात की घर तयार." त्याच दिवशी मी तीस हजार रुपये दिले. पैसे त्याच्या पुतण्याच्या खात्यावर भरायला सांगितले, तेही भरले.

चार दिवस हा आकडा पूर्णपणे खोटा नसतो, आणि म्हणूनच माणूस त्याला भुलतो. भिंती चांगल्या असतील, ओल नसेल, लांबी (भिंत सपाट करणारी पुट्टी) भरायची नसेल आणि पूर्वीच्याच छटेचा रंग पुन्हा द्यायचा असेल, तर तीन-चार कारागीर दोन शयनगृहांचे घर चार-पाच दिवसांत नीट करून देतात. आमच्या भिंतींवर मात्र भेगा होत्या, जुन्या रंगाचे पोपडे सुटत होते आणि सगळीकडे लांबीचे दोन हात, म्हणजे दोन थर, द्यायचे ठरले होते. त्याने सांगितलेला आकडा एका कामाचा होता आणि पैसे घेतले ते दुसऱ्या कामाचे.

पहिल्या दिवशी पाच माणसे आली. दुपारपर्यंत त्यांनी दिवाणखाना, दोन्ही खोल्या आणि स्वयंपाकघर अशा सगळ्या भिंती पत्र्याने वरवर खरवडून टाकल्या, सामान मधोमध ढकलले आणि त्यावर प्लास्टिक टाकले. इतका झपाटा पाहून मला आनंद झाला होता. चांगला रंगारी असे करत नाही. तो एक खोली, फार तर दोन, उघडतो. त्या वाळेपर्यंत पुढच्या खोलीची तयारी करतो आणि घरातल्या माणसांना राहायला कोपरा ठेवतो. सगळे घर एकाच दिवशी उघडे पाडले की मालकाला मागे फिरता येत नाही, कारण अर्धवट खरवडलेल्या घरात दुसरा कोणी यायला तयार होत नाही आणि आलाच तर दुप्पट मागतो. दुसऱ्या दिवशी लांबीचा पहिला हात झाला आणि "माल उचलायचा आहे" असे सांगून त्याने आणखी पंधरा हजार नेले. त्यानंतर सात दिवस कोणीही आले नाही.

फोन केला की दर वेळी नवे कारण मिळे. आधी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी होती, मग माणसे राखीपौर्णिमेला गावी गेली, मग लांबी वाळलेली नाही. लांबी वाळायला वेळ लागतो हे खरेच आहे, पण सात दिवस नाही, आणि वाळू द्यायचीच होती तर चार दिवसांचा शब्द कशाच्या जोरावर दिला होता, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही. २१ ऑगस्टला अर्धा दिवस दोन मुले आली. त्यांच्याशी बोलताना कळले, की सणाआधी त्याने आणखी तीन घरे अशीच उघडून ठेवली होती आणि या मुलांनाही मागच्या कामाची मजुरी मिळालेली नव्हती. मजूर नाक्यावरून रोजावर आणलेल्या त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांनी माझ्याकडे प्यायला पाणी मागितले आणि जाताना जमीन पुसून गेली.

या काळात सासूबाईंचा खोकला वाढला. कोरड्या लांबीची पिठासारखी पांढरी धूळ सारखी उडते आणि हवेत राहते. दहीहंडीच्या दिवशी त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. बाकी सारे मी विसरू शकेन, पण त्या रात्री पलंगावर बसून श्वासासाठी पुढे वाकलेली त्यांची पाठ मी विसरणार नाही.

२ आणि ३ सप्टेंबरला मात्र एकदम सहा माणसे उभी राहिली. बाहेर पाऊस होता आणि खिडक्या बंद होत्या. सकाळी वरवरचे घासकाम झाले, दुपारी रंगाचा पहिला हात झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा हात आणि लगेच दारांना ऑइलपेंट. प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून त्याआधी द्यायचा थर, कधी लावला असे मी विचारले, तेव्हा "लांबीतच मिसळलेला असतो ताई" असे उत्तर मिळाले. रंगाची वीस लिटरची बादली नावाजलेल्या कंपनीची होती, पण तिचे झाकण उघडलेले होते. छटा मिसळायला दुकानात झाकण उघडावेच लागते, असे त्याने समजावले. ते अर्धे खरे आहे. दुकानातल्या यंत्रावर छटा तयार झाली की बादलीवर छटेचा क्रमांक छापलेली चिठ्ठी लावतात. आमच्या बादलीवर तशी चिठ्ठी नव्हती आणि बादलीच्या कडेवर आधीच्या कुठल्या तरी निळ्या रंगाचे सुकलेले ओघळ होते. ते मी पाहिले आणि तरीही गप्प राहिले, कारण गणपतीला चार दिवस उरले होते. संध्याकाळी राहिलेले नऊ हजार रुपये दिले. बिल मागितले, तर "जीएसटी लागेल, उगाच दहा हजार वाढतील" असे सांगून त्याने तो विषय संपवला.

११ सप्टेंबरला गौरीपूजन झाले. दुसऱ्या दिवशी आरास उतरवताना भिंतीवर हळदीच्या बोटांचे डाग दिसले. धुता येणारा रंग आहे असे सांगितले होते, म्हणून मी ओले फडके हलक्या हाताने फिरवले. डाग गेला, पण त्याबरोबर भिंतीवरचा फिकट बदामी रंगही फडक्यावर आला, जणू फळ्यावरचा खडू पुसावा. तिसऱ्यांदा फडके फिरवले तेव्हा खालची पांढरी लांबी दिसू लागली. नोव्हेंबरात पश्चिमेची भिंत फुगली आणि तळहाताएवढे पोपडे खाली पडू लागले.

तेव्हा मी ज्याला ऑगस्टमध्ये परत पाठवले होते, त्या "दसऱ्यानंतर बोलवा" म्हणणाऱ्या रंगाऱ्याला फोन केला. वयस्कर माणूस आहे, चाळीस वर्षे हेच काम करतो. त्याने जमिनीवरचा एक पोपडा उचलला, खिडकीपाशी नेला आणि मधोमध मोडला. मोडलेल्या कडेला दोनच थर दिसत होते, पांढरा आणि बदामी. त्यांच्यामध्ये प्रायमर नव्हता. पोपड्याची मागची बाजू त्याने माझ्या अंगठ्याखाली फिरवली. ती काचेसारखी गुळगुळीत होती. जुना रंग नीट न घासता त्यावरच लांबी ओढली होती, म्हणून तिला धरायला काही मिळालेच नव्हते, आणि मागून ओल आल्यावर ती तशीच्या तशी सुटली. वरचा रंग धुता येणारे इमल्शन नसून पाण्याने पुसला जाणारा हलका डिस्टेंपर आहे आणि त्यातही पाणी भरपूर आहे, हे त्याने बोट ओले करून भिंतीवर घासून दाखवले. मग मी स्वतः टेप घेऊन मोजले. दारे-खिडक्या वजा करून भिंती आणि छत मिळून २,०९० चौरस फूट भरले. म्हणजे ३९० चौरस फूट अस्तित्वातच नव्हते, आणि बावीसच्या दराने त्यांचेच ८,५८० रुपये झाले होते.

दिवस नेमके कशाला लागतात, हे मी त्याच्याकडून समजून घेतले. ब्रश किंवा रोलर चालवण्याचा वेळ थोडाच असतो. बहुतेक वेळ वाळण्याचा असतो. एखादा दिवस सामान सरकवणे, झाकणे, सुटलेले खरवडणे आणि भेगा भरणे यात जातो. सिमेंटच्या पांढऱ्या लांबीचा एक हात दिल्यावर दुसऱ्या हाताआधी ती वाळावी लागते आणि दुसऱ्या हातानंतर घासण्याआधी एक रात्र तरी जाऊ द्यावी लागते. त्यानंतर धूळ पुसून प्रायमर, मग काही तासांच्या अंतराने इमल्शनचे दोन हात, आणि त्यांच्यामध्ये उजेड आडवा धरून राहिलेले खळगे भरणे. दारे आणि जाळ्यांच्या ऑइलपेंटला तर प्रत्येक हातानंतर रात्रभर थांबावे लागते. खोल्या पाळीपाळीने घेतल्या की एका खोलीत वाळत असताना दुसऱ्या खोलीत काम चालते, म्हणून तीन माणसे आमच्याएवढे घर कोरड्या दिवसांत दहा-बारा दिवसांत पुरे करतात. पावसाळ्यात हेच पंधरा दिवसांवर जाते, आणि भिंत ओली असेल तर कितीही दिवस दिले तरी ते काम टिकत नाही. या रांगेतून चार दिवस करायचे, तर घासणे, प्रायमर आणि वाळण्याच्या रात्री काढून टाकाव्या लागतात. आमच्याकडे नेमके तेच काढले होते. त्यामुळे कोणी फार कमी दिवस सांगितले, तर त्याला माणसांची संख्या विचारू नका. लांबी कधी घासणार, प्रायमर कोणत्या दिवशी आणि दारांचा दुसरा हात कधी, हे विचारा. ज्याला ते पाठ आहे तो तिथल्या तिथे सांगतो. आमच्या ठेकेदाराला मी हे विचारले असते, तर सौदा त्याच क्षणी मोडला असता असे मला वाटते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या वयस्कर रंगाऱ्याकडून घर पुन्हा करून घेतले. गच्चीच्या बाजूची भेग आधी बाहेरून बुजवली. पश्चिमेच्या भिंतीवर त्याने प्लास्टिकचा चौकोन चिकटपट्टीने चारही बाजूंनी बंद करून दोन दिवस ठेवला. आत दव धरले नाही, तेव्हाच लांबीला हात लावला. मजुरी आणि माल वेगळा ठेवला. भिंतींचे क्षेत्र सुमारे १,४९० चौरस फूट, दोन हातांना लिटरमागे साधारण सव्वाशे ते दीडशे चौरस फूट, म्हणून बारा लिटर रंग मी स्वतः दुकानात उभी राहून, माझ्यासमोर छटा मिसळून, बिलासह घेतला. बादलीत रंगाऱ्यासाठी कंपनीने ठेवलेले टोकन निघाले, ते त्याने आधी मला दाखवले आणि मग घेतले. पैसे टप्प्याटप्प्याने दिले. एकदा लांबी घासून झाल्यावर, एकदा प्रायमरनंतर, आणि शेवटचा हप्ता काम संपल्यावर आठ दिवसांनी. काम अकरा दिवस चालले. सासूबाई त्या अकराही दिवसांत घरातच होत्या. त्यांची खोली सर्वांत आधी पुरी करून दार बंद ठेवले होते.

फसवणाऱ्या ठेकेदाराला नोंदणीकृत डाकेने पत्र पाठवले, ते न स्वीकारता परत आले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करायचे ठरवले. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, ही माहिती त्या वेळी मिळाली. लेखी करार नव्हता, बिल नव्हते आणि पैसे पुतण्याच्या नावावर गेले होते. त्यामुळे माझ्याकडे पुरावा म्हणून बँकेचे उतारे, "पंधरा ऑगस्टला घर तयार" हा त्याचा व्हॉट्सॲपवरचा संदेश आणि भिंतीची तारखेसह छायाचित्रे एवढेच होते. अर्जासोबत मी ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ ची दिनदर्शिकेची दोन पाने जोडली आहेत, ज्यांवर रोजच्या दुधाच्या नोंदीशेजारी माणसांची हजेरी लिहिलेली आहे, आणि एका पारदर्शक पिशवीत पश्चिमेच्या भिंतीचे सहा पोपडे ठेवले आहेत.