काडेपेटीचे खण की खणाचे खिसे?

आमच्या घरात दोन्ही प्रकार होऊन गेले. पहिली दोन वर्षं काडेपेट्यांचं ॲडव्हेंट कॅलेंडर (नाताळापर्यंतचे दिवस मोजायला रोज एक खण उघडायचा, आत मुलांसाठी काहीतरी) होतं, गेली चार वर्षं कापडी खिशांचं आहे. यंदा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोन-तीन घरांतून विचारणा झाली, की घरी करायचं तर कुठलं करावं? प्रत्येक वेळी मी ‘दोन्ही चांगली’ एवढं बोलून चहा संपवला. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. राहिलेलं अर्धं इथे सावकाश लिहितो.

करायला बसण्याआधी एक मात्र घरात ठरवून घ्या: मोजायचं कुठून? आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचा काळ (ॲडव्हेंट), सुरू होतो नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, आणि तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्ये कधीही येतो. २०२२ साली तो २७ नोव्हेंबरला आला, तर २०२३ साली थेट ३ डिसेंबरला. म्हणजे रविवारपासून धरलं तर कधी २८ दिवस, कधी २२. आम्ही सरळ १ ते २४ डिसेंबर धरतो. मुलांना तारीख आणि आकडा जुळलेला बरा वाटतो. शिवाय लूकच्या शुभवर्तमानाचे अध्यायही २४ आहेत, रोज एक वाचला की नाताळच्या आदल्या रात्री पुस्तक पुरं होतं.

आधी काडेपेट्यांचं सांगतो, कारण बहुतेकांचं पहिलं कॅलेंडर तेच असतं. २४ पेट्या आणायच्या, काड्या एका बरणीत काढायच्या, सहा-सहाच्या चार ओळी एकमेकींना चिकटवायच्या, बाहेरून कागद लावायचा आणि प्रत्येक खणाला एक मणी ओवून मूठ करायची. पेटी दोन रुपयांना झाल्यावरही सगळा खर्च शंभराच्या आत बसला. दिवाळीच्या आकाशकंदिलातला उरलेला कागद घरात होताच. एका संध्याकाळी काम संपलं. वरती पुठ्ठ्याचं उतरतं छप्पर लावलं, तर २४ खणांचा आमचा गोठाच तयार झाला.

आणि त्याची गोडी वेगळीच, हे मान्य करायलाच हवं. थोरली तेव्हा पाच वर्षांची होती. डिसेंबरातली आमच्या बेळगावजवळच्या खानापूरकडची थंडी, खाली लाल कोब्याची गार जमीन, आणि ती चादर गुंडाळून अनवाणी उभी. मणी धरून खण हळूच ओढायची. खण सरकतानाचा तो बारीक आवाज, आणि आत बोटाच्या पेराएवढं काहीतरी: चार कुलकुल (नाताळातला तळलेला गोड खाऊ), एक चिंचेची गोळी, कधी एक शिंपला. कापडाच्या खिशात हात घालण्यात हे सुख नाही. लहान वस्तूंचा मोठा आनंद काडेपेटीच देते.

दोन गोष्टी आधीच सांभाळाव्या लागतात. काडी ओढायच्या दोन्ही बाजू कागदाने पूर्ण झाकायच्या, नाहीतर तो काळपट पट्टा हाताला लागतो आणि तीच बोटं तोंडात जातात. दुसरं, गोड पदार्थ बटरपेपरात गुंडाळूनच ठेवायचा. रिकाम्या पेटीलाही माचिसचा वास राहतो आणि कुलकुल तो पटकन ओढून घेतात. पहिल्या आठवड्यात आम्ही हे केलं नव्हतं, थोरलीने दोन दिवस खाऊ परत आणून दिला.

आता ज्या गोष्टीने माझा कौल फिरला, ती. ती डिसेंबरातली नाही, जून ते सप्टेंबरातली आहे.

आमच्याकडचा पाऊस म्हणजे घाटमाथ्याचा पाऊस. जांबोटी, कणकुंबीकडून ढग सुटले की दिवसचे दिवस कपडे वाळत नाहीत, मीठ पाणी धरतं, पुस्तकांची पानं वाकतात. घर कौलारू, आणि सणासुदीचं सामान ठेवायची जागा म्हणजे त्या कौलांखालचा माळा. ६ जानेवारीला मागी लोकांचा (बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांचा) दिवस झाल्यावर तारा, गोठा, सजावटीच्या माळा सगळं उतरवलं तेव्हा कॅलेंडरही प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून वर ठेवलं. मला वाटलं, फार काळजीने ठेवलं. ३० नोव्हेंबरच्या रात्री खाली काढलं. वरून बघायला ठीक होतं, जरासं वाकडं, एवढंच. खण एकेक करून ओढून बघायला हवे होते. मी फक्त १ आणि २ नंबरचे कसेबसे उघडून खाऊ घातला आणि दामटून बंद केले.

सकाळी थोरलीने १ नंबरचा मणी ओढला. मणी दोऱ्यासकट तिच्या हातात आला. खण हलला नाही. तिने कडेला नख घालून ओढलं, तेव्हा वरचं टोपण फाटलं आणि त्याच्याबरोबर शेजारच्या दोन पेट्या सुटल्या. ती रडली नाही. मणी तळहातावर धरून म्हणाली, “बाबा, हे उघडत नाही.”

रात्री दिव्याखाली ब्लेड घेऊन बसलो तेव्हा काय झालं होतं ते कळलं. पुठ्ठा सादळला होता. सुटी पेटी असती तर जरा फुगून परत वाळली असती. पण इथे पेट्या चारी बाजूंनी एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळे टोपणांना बाहेर फुगायला जागाच नव्हती, ती आत दबली. आतला खणही फुगलेला. दोघं एकमेकांत गच्च बसले. चिकटवायला मी मैद्याची खळ वापरली होती, तिच्यावर कसर लागली होती, म्हणून जिथे घट्ट हवं तिथे सैल आणि जिथे सैल हवं तिथे घट्ट. पिशवीने तर पाणी आत कोंडूनच ठेवलं असणार. २४पैकी नऊ खण मी त्या रात्री कडेने तासले. तरी पुढचे तीन आठवडे रोज सकाळी तिने मणी धरला की माझा श्वास अडकायचा. वर्षातल्या २४ सकाळी उघडायचं, एवढंच ज्या वस्तूचं काम, तीच अडत असेल तर तिचं बाकीचं कौतुक मला करवेना.

सगळीकडे असंच होईल असं मी म्हणत नाही. बेळगावात टिळकवाडीला किंवा कॅम्पात, पक्क्या स्लॅबच्या घरात, लोखंडी कपाटात ठेवलं तर कदाचित टिकेल. माझ्या आतेबहिणीचं घर अथणीला आहे, तिकडे पाऊसच बेताचा. तिच्या काडेपेट्या तिसऱ्या वर्षीही सरसर उघडतात, ती मला मुद्दाम दाखवते. पण खानापूरपासून पश्चिमेला जसजसं जाल तसतसा माझा अनुभव तुमचाही होईल, असं वाटतं.

तिसऱ्या वर्षी कापडाकडे वळलो. कापडही सादळतं, पण ते वाळतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आराधनेहून आल्यावर दोन तास उन्हात टाकलं, की वर्षाचा वास निघून जातो आणि ते पहिल्यासारखं होतं. खिशाला अडकणं ठाऊक नाही.

खिशांसाठी आजीच्या पेटीतले खण निघाले, गुळेदगुड्डचे, चोळ्यांना आणलेले आणि तसेच राहून गेलेले. ते पुरले नाहीत तेव्हा शिंप्याकडची कातरणं मागून आणली. पाठीमागच्या कापडाने मात्र मला दोनदा चकवलं. आधी जुनी वाकळ घेतली, दिसायला सुंदर, पण पायमशिनीची सुई दुसऱ्याच ओळीला मोडली. मग गोणपाट घेतलं, त्याचा भुसा खाऊवर पडायला लागला. शेवटी जाड मांजरपाट घेतलं आणि तेच बरोबर निघालं. माप हवं असेल तर: खिसा १० सेंटिमीटर रुंद आणि १२ उंच, सहाच्या चार ओळी, मध्ये थोडी जागा सोडून पाऊण मीटरला थोडं कमी रुंद आणि ७० सेंटिमीटर उंच कापड लागतं. खिशासाठी कापड १० नव्हे, १४ रुंद कापायचं आणि खालच्या बाजूला दोन चुण्या घालायच्या. सपाट खिशात पेढासुद्धा धड बसत नाही, हे मी पहिली ओळ शिवून झाल्यावर शिकलो आणि सगळी उसवली. वर नेफा करून त्यातून चिव्याची काठी घालायची. तशीच एक बारीक काठी खालीही, नाहीतर भरल्यावर मधल्या खिशांच्या वजनाने कापड पुढे फुगतं.

वेळ लागतो, हे खरं. आम्हाला चार संध्याकाळ लागल्या, त्याही आई मशिनीवर बसली म्हणून. आणि खिसा फुगलेला दिसतो, आत काय आहे ते बाहेरून चाचपता येतं. धाकटा यात पटाईत आहे. दुसऱ्या डिसेंबरात तर त्याने पुढचे पाच दिवस बोटांनी वाचून ठेवले होते. त्यावर आम्ही दोन उपाय केले: तोंडाला एक टिचबटण, आणि आतली वस्तू वाण्यासारखी कागदाच्या पुडीत बांधून. तरी गुपित राखण्यात काडेपेटीच पुढे. ज्यांच्या घरी फक्त गुपिताचीच मजा असेल, त्यांनी हा मुद्दा जरूर धरावा.

पण खिशात काय काय मावतं ते बघा. काडेपेटीत गोकाकच्या करदंटाचा तुकडा घालायचा तर तो इतका बारीक करावा लागतो की चव लागेपर्यंत संपतो. खिशात पूर्ण वडी जाते. दोन भावंडं असतील तर दोन जातात, आणि सकाळी कोणाचा नंबर यावरून भांडण होत नाही. आमच्याकडे तर तीन ठेवाव्या लागतात, कारण शेजारचा मुलगा शाळेच्या रिक्षाआधी हजर असतो. तो कन्नड शाळेत जातो. म्हणून थोरलीने खिशांवर एका कोपऱ्यात देवनागरी आकडे आणि दुसऱ्या कोपऱ्यात कन्नड आकडे टाके घालून काढले. पहिल्या वर्षी तो तिला कन्नड वाचून दाखवायचा आणि ती त्याला मराठी. २४पर्यंत दोघांचे दोन्ही पाठ झाले.

सगळ्यात मोठा फायदा गोठ्याचा. मातीच्या मूर्ती खिशात सहज बसतात, म्हणून आता रोज खाऊ ठेवत नाही. एक दिवस खाऊ, एक दिवस गोठ्यातला एक जण. मेंढरू, गाय, मग मेंढपाळ. दिवाळीच्या किल्ल्यावरचे दोन मावळेही धाकट्याने मेंढपाळ म्हणून दिले, ढाली-तलवारींसकट, आणि ते तसेच उभे राहतात. बाळ येशू अर्थात २४ला. गोठा दिवसादिवसाने भरत जातो आणि मुलं खाऊ विसरून रोज तिथेच घुटमळतात. काडेपेटीच्या मापात एवढ्या लहान मूर्ती मला कुठे मिळाल्या नाहीत.

ज्यांना यातलं काहीच करायला सवड नाही, त्यांच्यासाठी एक तिसरी वाट आहे आणि ती मला मनापासून आवडते. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट घरांतून दारावर खडूच्या २४ रेघा ओढून मुलं रोज एक पुसत. काही घरांत मूल रोज गव्हाणीत गवताची एक काडी ठेवी. आपल्याकडे तर डिसेंबरात भाताची मळणी असते, पिंजराला काय तोटा! रिकामी टोपली ठेवा, दिवसभरात कोणासाठी काही चांगलं केलं तर मुलाने पिंजराची एक काडी घालायची. नाताळपर्यंत बाळाचं अंथरूण तयार. आम्ही हे कापडी कॅलेंडराबरोबरच करतो, खालच्या काठीखाली टोपली ठेवून.

म्हणून विचाराल तर सांगेन: यंदापुरतंच हवं असेल, ३० नोव्हेंबर उद्यावर आला असेल, मूल एकच आणि लहान असेल, तर काडेपेट्या करा, निर्धास्त करा. मात्र खळ नको, डिंक वापरा, पेट्या ओळींमध्ये थोडी फट ठेवून चिकटवा, आणि जानेवारीत मोडून टाकायचं मनाशी आधीच ठरवा. पण दरवर्षी तेच बाहेर काढायचं असेल, मुलांनी मोठं होऊन ‘आपलं कॅलेंडर’ म्हणावं असं वाटत असेल, आणि घर आमच्यासारखं पावसाच्या तोंडावर असेल, तर चार संध्याकाळ काढाच.

छापील कॅलेंडरं ज्याने सुरुवातीच्या काळात काढली त्या म्युनिकच्या गेरहार्ड लांगची गोष्ट सांगतात. तो लहान असताना त्याच्या आईने पुठ्ठ्यावर २४ छोटी बिस्किटं दोऱ्याने शिवून दिली होती, रोज एक तोडून खायला. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती मशिनीवरून मान वर न करता म्हणाली, “बघ, तिथेही सुई-दोराच.”

आमचं कॅलेंडर आता माळ्यावर नाही, लोखंडी ट्रंकेत असतं, कडुनिंबाच्या पाल्यात. परवा उघडून बघितलं. सगळं ठीक आहे, फक्त १७ नंबरच्या खिशाची शिवण एका बाजूने उसवली आहे. येत्या रविवारी ऊन दाखवताना टाका घालायचा आहे. थोरली म्हणाली, तो ती घालणार.