गर्भारपणात काय थांबवावे, काय बदलावे, काय चालू ठेवावे : सीमाभागातील कुटुंबांसाठी तुलनात्मक आढावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील अनेक घरांत दिवस गेल्याचे कळताच सुनेच्या चालू गोळ्या बंद होतात, ग्रहणात तिला विळी-सुरीला हात लावू दिला जात नाही, आणि सकाळची मिश्री मात्र तशीच चालू राहते. बाळाच्या काळजीपोटीच हे सारे होते, परंतु धोक्याचा क्रम यात उलटा लागतो. ग्रहणात विळी धरल्याने बाळाचा ओठ फाटत नाही. तंबाखूच्या धुराचा आणि काही औषधांचा मात्र फाटलेल्या ओठाशी संबंध आढळला आहे. कोणतेही औषध न घेणाऱ्या निरोगी मातांच्याही दर १०० बाळांमागे २ ते ३ बाळांत मोठा जन्मदोष आढळतो. त्यामुळे एखाद्या औषधाची तुलना शून्याशी न करता या आकड्याशी, आणि ते औषध थांबवल्यास होणाऱ्या हानीशी करावी लागते.

प्रथम वेळेचा प्रश्न. बाळाचे बहुतेक अवयव गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात आकार घेतात. ज्या नळीपासून मेंदू व मणका घडतो, ती सुमारे २८ व्या दिवशी मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असताना. आशाताई नाव नोंदवून तायी कार्ड (कर्नाटकात गर्भवतीला मिळणारे नोंदींचे कार्ड) हाती देईपर्यंत बहुधा ही वेळ उलटून गेलेली असते. म्हणून ही नळी नीट मिटायला मदत करणारे जीवनसत्त्व, फॉलिक ॲसिड, नोंदणीनंतर सुरू करणे आणि मूल हवे असे ठरताच सुरू करणे, यांत दुसरा मार्ग निःसंशय चांगला. सर्वसाधारण स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असल्यास किंवा फिटचे औषध चालू असल्यास डॉक्टर बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. असा दोष आधी झालेल्या मातांवरील ब्रिटिश चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत मोठ्या मात्रेने तो पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले.

सर्वांत कठीण निवड फिट येणाऱ्या स्त्रीपुढे असते, आणि नेमके तिलाच सर्वांत कमी सांगितले जाते. तिच्यापुढे तीन मार्ग असतात. सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिटचे औषध चालू ठेवल्यास १०० पैकी सुमारे १० बाळांत मोठा जन्मदोष आढळतो, आणि १०० पैकी ३० ते ४० मुलांच्या बोलण्यात, शिकण्यात किंवा वागण्यात पुढे अडचणी दिसतात. दुसरा मार्ग म्हणजे औषध बदलणे. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरॅसिटॅमवर जन्मदोषांचे प्रमाण सर्वसाधारण मातांच्या जवळपास राहते. फेनिटॉइन, फिनोबार्बिटॉन ही स्वस्त औषधे या दोन टोकांच्या मध्ये बसतात. तिसरा मार्ग म्हणजे घरच्या घरी गोळ्या बंद करणे, आणि माझ्या मते तो सर्वांत वाईट आहे. मोठी फिट आली की आई चुलीवर, विहिरीच्या काठावर, कुठेही कोसळू शकते, बाळाचा प्राणवायू कमी पडतो, आणि फिट थांबलीच नाही तर दोघांच्याही जिवावर बेतते. मात्र व्हॅल्प्रोएटवरून लॅमोट्रिजिनवर एका दिवसात जाता येत नाही. अंगावर गंभीर पुरळ उठू नये म्हणून मात्रा कित्येक आठवडे हळूहळू वाढवावी लागते, आणि गर्भारपणात त्याची रक्तातील पातळी घसरत असल्याने पुढेही ती पुन्हा वाढवावी लागते. त्यामुळे ज्या मुलीला फिट येतात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, तेव्हाच या बदलाचा विषय डॉक्टरांकडे काढायला हवा. आजार सासरी लपवला गेला की गोळीही लपून बंद होते, आणि त्याची किंमत ती मुलगी मोजते.

रक्तदाबाच्या बाबतीत निवड सोपी आहे. एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात आणि त्यांच्या जागी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देता येते. थायरॉइड कमी असल्यास दिली जाणारी गोळी (थायरॉक्सिन) बदलायची नाही आणि बंदही करायची नाही. बहुधा तिची मात्रा वाढवावी लागते. मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी थांबलेलेच असावे. अंगदुखीवर पॅरासिटामॉल, गरजेपुरते व थोडे दिवस, हा बरा पर्याय. मात्र मेडिकलमधून सुटी मिळणाऱ्या दुखण्याच्या गोळीत त्याच्याबरोबर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मिसळलेले असते का, हे पाकिटावर वाचून घ्यावे, कारण २० आठवड्यांनंतर त्यांनी गर्भजल कमी होऊ शकते.

मिश्रीबद्दल अधिक सविस्तर बोलायला हवे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ही पूड हिरड्यांवर घासली की निकोटिन थेट रक्तात उतरते आणि वारेकडे जाणारा रक्तपुरवठा आखडतो. तिचे मुख्य नुकसान अवयवांच्या घडणीत दिसत नाही. बाळ कमी वजनाचे होते, दिवस भरण्याआधी येते किंवा पोटातच दगावते. विडीच्या धुराने याखेरीज फाटलेल्या ओठाचा धोकाही वाढतो, आणि पती घरात ओढत असेल तर तो धूर तिच्याही वाट्याला येतो. ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’, ‘सोडली की दाढ ठणकते’ या बायकांच्या तक्रारी खऱ्या असतात. त्यांना नुसता उपदेश करून भागत नाही. पोटासाठी इसबगोल आणि दाढेसाठी दंतवैद्याकडे जागा बधिर करून घेतलेला उपचार, हे दोन्ही गर्भारपणात चालतात. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत कामाला जाणाऱ्या स्त्रियांच्या अंगात निकोटिन कातडीतूनही शिरते. काम सोडणे परवडत नसेल, तर निदान ओल्या पानांपासून दूरचे काम मागावे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. दारूचे असे कोणतेही प्रमाण माहीत नाही की जे निर्धोक म्हणता येईल.

मुलगा व्हावा म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिल्या जाणाऱ्या पुड्या आणि गोळ्यांबाबत निवडीचा प्रश्नच उरत नाही. बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणी वडिलांकडून ठरलेले असते, आणि पुडी मात्र अवयव घडत असताना पोटात जाते. हरियाणातील अभ्यासात अशा औषधांचा जन्मदोषांशी संबंध आढळला आहे. सासूबाईंच्या आग्रहाला सुनेने एकटीने नकार देणे कठीण असते. हा नकार नवऱ्याने द्यावा.

सीमाभागात आणखी एक अडचण येते. तपासण्या सासरी कर्नाटकात होतात आणि बाळंतपणाला मुलगी चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरकडच्या माहेरी जाते. कन्नडमध्ये भरलेल्या नोंदी तिथल्या डॉक्टरांना वाचता येतीलच असे नाही. ‘पांढरी छोटी गोळी’ असे वर्णन करण्यापेक्षा प्रत्येक औषधाचे रिकामे पाकीट पिशवीत ठेवून दाखवणे अधिक खात्रीचे.

शेवटी, गर्भ राहिल्याचे ठाऊक नसताना घडलेल्या गोष्टी. छातीच्या एक्स-रेतून बाळापर्यंत ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी किरणे पोहोचतात, आणि ५० मिलिग्रेपर्यंत जन्मदोष वाढल्याचे दिसलेले नाही. सोनोग्राफीत तर अशी किरणे नसतातच. तेव्हा केवळ एका एक्स-रेच्या भीतीने गर्भ पाडणे आणि गर्भ ठेवून १८ ते २० आठवड्यांत सविस्तर सोनोग्राफी करून घेणे, यांत दुसराच मार्ग योग्य. व्हॅल्प्रोएट किंवा आयसोट्रेटिनॉइन पोटात गेले असेल, तर त्या सोनोग्राफीची वाट पाहत बसू नये. कोणते औषध, किती मात्रेत, शेवटच्या पाळीपासून कितव्या आठवड्यापर्यंत घेतले, हे कागदावर लिहून त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे, आणि फिटची गोळी त्या भेटीपर्यंत एकही दिवस चुकवू नये.