ब्राझील नटचं तेल घ्यावं की भिरंडेल?

ब्राझील नटच्या तेलाच्या बाटलीवर ‘सेलेनियमयुक्त’ असं लिहिलेलं दिसलं आणि त्यासाठी खिशात हात घालत असाल, तर जरा थांबा. सेलेनियम हे शरीराला अगदी थोडं लागणारं खनिज, आणि या बियांमध्ये ते प्रथिनांना धरून असतं. तेल काढलं की ते जवळजवळ सगळं पेंडीतच राहतं. सेलेनियम हवं असेल तर एखादी अख्खी बी खा, दिवसाची गरज बहुधा तेवढ्यात भागते. रोज मूठभर मात्र नको. सेलेनियम अती झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात.

मग तेलात उरतं काय? ओलिक आणि लिनोलिक ही दोन मेदाम्लं, म्हणजे तेलाचे मूळ घटक, मिळून साधारण तीन चतुर्थांश. म्हणून ते पातळ असतं, त्वचेवर सहज पसरतं आणि चिकटा कमी ठेवतं. अंघोळीनंतर ओलसर अंगावर चार थेंब पुरतात. कोरड्या केसांच्या टोकांनाही ते चांगलं. थंड देशात राहणाऱ्यांची त्वचा हिवाळ्यात ताणते, त्यांना मी हेच सुचवेन.

भिरंडेलाचा स्वभाव अगदी उलटा. कोकमाच्या बियांच्या या तेलात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं, त्यामुळे ते घट्ट गोळ्याच्या रूपातच मिळतं. वितळतं साधारण ४० अंशांना, म्हणजे अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडं वर. तसंच चोळायला जाल तर नीट पसरणार नाही. पळीत पातळ करून, कोमट असताना टाचांच्या भेगांत भरायचं आणि वर मोजे चढवायचे. सकाळी भेगांच्या कडा मऊ झालेल्या असतात. फाटलेल्या ओठांनाही त्याच्या तोडीचं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

ते होतं कसं, हे एकदा बघावं. एप्रिल-मेमध्ये कोकमाची सालं आमसुलांसाठी वाळत पडतात आणि मागे बिया उरतात. त्या धुऊन वाळवायच्या, टरफल काढून कुटायच्या, पाण्यात रटरटू द्यायच्या. पाणी निवलं की वर पांढरट थर धरतो. तो काढून मुठीत वळतात. बोटांचे वळ उमटलेल्या त्या गोळ्याला मुठेलही म्हणतात. आमसुलं आणि आगळ झाल्यावर राहिलेल्या बियांतून एवढं निघतं, याचं मला दरवेळी अप्रूप वाटतं.

ब्राझील नटचं तेल महाग का, तेही समजून घ्यायला हवं. ही झाडं ॲमेझॉनच्या खोऱ्यात ब्राझील, बोलिव्हिया, पेरूमध्ये ५० मीटरपर्यंत उंच वाढतात. त्यांच्या फुलांचं परागीभवन मोठ्या, दणकट मधमाश्याच करू शकतात, म्हणून लागवड फारशी साधत नाही आणि बिया मुख्यतः उभ्या जंगलातूनच वेचाव्या लागतात. दोन किलोपर्यंत वजनाचं, नारळासारखं टणक फळ एवढ्या उंचीवरून पडतं. डोक्यात बसलं तर जीव जाऊ शकतो. लोक पावसाळ्यात, फळं पडून गेल्यावर आत शिरतात, कोयत्याने ती फोडतात आणि आतल्या दहा ते पंचवीस बिया गोळा करतात. ब्राझीलमध्ये हे झाड तोडायला कायद्याने बंदी आहे. खात्रीच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या बाटलीचे पैसे मला जास्त वाटत नाहीत.

स्वयंपाकात दोन्हींची जागा छोटी. ब्राझील नटचं तेल फोडणीला घालू नका, तापवलं की त्याचा बदामासारखा मंद स्वाद जातो. कोशिंबिरीवर, उकडलेल्या भाजीवर वरून घ्या. भिरंडेल कोकणात जुन्या काळी जेवणात असायचं. तापायला ते टिकाऊ आहे, पण त्यातली जवळपास ६० टक्के चरबी संपृक्त. स्टिअरिक आम्ल कोलेस्टेरॉल पाम तेलातल्या पामिटिक आम्लाइतकं वाढवत नाही हे खरं, तरी रोजचं तेल म्हणून मी ते वापरणार नाही. त्याचा खरा मान चॉकलेटात आहे. युरोपीय महासंघाच्या २०००च्या नियमानुसार कोको बटरसोबत ५ टक्क्यांपर्यंत जी सहा स्निग्धं चालतात, त्यांत कोकमाचं आहे.

घरात कुणाला काजू-बदामासारख्या सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल, तर ब्राझील नटचं तेल खायलाही नको आणि लावायलाही नको. घाण्यावरच्या तेलात प्रथिनांचे अंश राहू शकतात आणि या बीची ॲलर्जी तीव्र असते. बाकीच्यांनी गडद रंगाची छोटीच बाटली घ्यावी, फ्रिजमध्ये ठेवावी आणि खवट वास आला की टाकून द्यावी. भिरंडेलाचा गोळा कागदात गुंडाळून फडताळात ठेवला तरी बराच काळ टिकतो.