गोदाखोऱ्याची अर्ध्या दिवसाची फेरी: लेणी झकास, गिरणारे गाव गायब

नाशिकमध्ये सुट्टीच्या दिवशी निघणारी, गाईडसोबतची ही फेरी सकाळी साडेसहाला सुरू होते आणि दीडच्या सुमारास गंगाघाटावर संपते. पांडवलेणी, गंगापूर धरण, सोमेश्वर, आनंदवल्ली, पंचवटी असा क्रम आहे. पैसे वसूल होतात ते पहिल्या दोन तासांतच.

पांडवलेणी सकाळीच उरकतात हे उत्तम. चढ वीसेक मिनिटांचा, पण ऊन वर आलं की पायऱ्या दमवतात. पांडवांचा इथे काही संबंध नाही, हे गाईड पायथ्यालाच सांगून टाकतो. दहाव्या लेण्यात तो शिलालेखावर बॅटरी समोरून मारत नाही. भिंतीला चिकटून तिरपी धरतो. समोरच्या उजेडात अक्षरं सपाट होतात, तिरप्या उजेडात खोबणीत सावली पडते आणि ब्राह्मी उठून दिसते. मग तो हिशेब मांडतो. इथला क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याने गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापण (चांदीची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातले २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, म्हणजे वर्षाला २४०. लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी, चोख. उरलेले १००० पाऊण टक्क्याने. दोन हजार वर्षांपूर्वीचा नाशिककर व्याजाचा दर असा दगडावर कोरून ठेवत होता. हल्लीच्या पतसंस्थांनी एकदा येऊन बघायला हरकत नाही.

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिच्या मुलाने, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निर्वंश केल्याचं त्यात कोरलंय. याला जोड म्हणून गाईड जोगलटेंभीचा साठा सांगतो: १९०६ साली सापडलेली नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने मारलेला स्वतःचा ठसा. लेख आणि नाणी अशी शेजारी ठेवली की सत्तांतर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इथून पुढे मात्र घसरण. शिलालेखात ज्या गोवर्धनाचं नाव येतं, त्याच नावाचं गाव आजही गंगापूरजवळ आहे; गाडी तिथून काचा लावून सुसाट जाते. धरणावर माहिती मिळते ती एवढीच: मातीचं धरण, १९६५ मध्ये पूर्ण. पण शहराची तहान मुख्यतः याच धरणावर भागते आणि घाटावरचा पूर बराचसा इथल्या विसर्गावर ठरतो, हा धागा कुणी जोडत नाही. सोमेश्वरचा धबधबाही वरून किती पाणी सोडलंय त्यावरच चालतो. उन्हाळ्यात तिथे बहुधा उघडा काळा बेसॉल्ट बघावा लागतो. पावसाळ्यात त्याच शेवाळलेल्या खडकावर पाय घसरतात. गुळगुळीत तळाची चप्पल नको.

आनंदवल्लीला दहा मिनिटं, तीही नवश्या गणपतीच्या दर्शनात जातात. राघोबादादांच्या वाड्याचं आता फारसं काही उरलेलं नाही, म्हणून सांगण्यासारखंही काही नाही असा समज दिसतो. खरं तर आनंदीबाई १७९४ मध्ये इथेच वारल्या, आणि त्यांच्या जाऊबाई गोपिकाबाई मुलाशी, माधवराव पेशव्यांशी, बिनसल्यावर वरच्या अंगाला गंगापुरात येऊन राहिल्या होत्या. पुण्याच्या राजकारणातून बाजूला पडलेल्या दोन पेशवीणबाई एकाच नदीकाठी. यावर अर्धा तास बोलता आला असता.

सर्वांत मोठी उणीव माणसांची. आनंदवल्ली, गंगापूर ही १९८२ मध्ये महापालिका झाली तेव्हा शहरात आलेली गावठाणं. टॉवरांच्या मागे ती अजून आहेत. थोडं पुढे गिरणारे. टोमॅटोच्या हंगामात तिथल्या बाजारात क्रेटच्या थप्प्या लागतात, आणि पेठ, हरसूल, त्र्यंबककडून आलेले कोकणा, वारली, महादेव कोळी मजूर सकाळी नाक्यावर रोजगारासाठी उभे असतात. खोऱ्याचा आजचा कारभार बघायचा तर तो नाका. फेरीत त्याऐवजी वाइनरीचा थांबा आहे, टेस्टिंगचे पैसे वेगळे.

पंचवटीत फेरी पुन्हा सावरते. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून पुराची पातळी कशी मोजतात, हे गाईड प्रत्यक्ष दाखवतो. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावागावांच्या वंशावळी असतात; आपलं मूळ गाव आणि आडनाव आधीच सांगून ठेवलं तर तो योग्य गुरुजींकडे नेतो, नाहीतर शोधण्यातच वेळ जातो. काळाराम मंदिरात १९३० चा सत्याग्रह दोन वाक्यांत आटोपतो, हे खटकलं. काझीची गढी, म्हणजे नदीकाठचा मातीचा उंचवटा, लांबूनच दाखवतात. पावसाळ्यात तिची माती ढासळते, म्हणून ते ठीक.

बुकिंग करताना दोन गोष्टी विचारून घ्या: लेण्यांचं तिकीट धरलंय का, आणि वाइनरीऐवजी गिरणारे जमेल का. सगळी गाडी एकाच ग्रुपची असेल तर जमवतात. जुलै ते सप्टेंबरमध्ये निघण्याआधी गंगापूरचा विसर्ग बघा. तो वाढलेला असेल तर घाटावर उतरता येत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. फेरी गंगाघाटावर संपते, परतीची रिक्षा आपली आपण करायची.