फोनवेड्यांचा ग्रुप: व्हॉट्सॲप की टेलिग्राम?

तुमच्या ग्रुपवर माणसं फक्त गप्पा मारायला येणार असतील, तर पुढचं वाचू नका. व्हॉट्सॲपवर काढा. प्रत्येकाकडे आहे, कुणाला काही शिकवावं लागत नाही, प्रश्न टाकला की दोन मिनिटांत पाच जण हजर. टेलिग्रामवर ही जाग यायला वेळ लागतो. निम्मे लोक नोटिफिकेशन बंद करून बसलेले असतात.

अडलेला फोन घेऊन येणारे असतील, तर मात्र थोडं थांबा.

आमचा ग्रुप २०१८ साली व्हॉट्सॲपवरच सुरू झाला. रेडमी नोट ५ प्रो घेतलेले, रॉम (म्हणजे फोनची अख्खी सिस्टीम) बदलायची खाज असलेले आम्ही दहा-पंधरा जण. शंभराच्या पुढे गेलो आणि मजा संपली. रोज कुणीतरी नवा यायचा आणि कालचाच प्रश्न विचारायचा, रॉम बदलण्याआधी फोनचं कुलूप काढण्याचा: 'बूटलोडर कसा अनलॉक करायचा?' त्याचीही चूक नव्हती, तो येण्याआधीचं त्याला काही दिसतच नव्हतं. उत्तर टाइप करणारा मात्र रोज तोच. म्हणजे मी.

त्याच वर्षी या फोनला अपडेटमधून अँटी-रोलबॅक आलं, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरवर परत जायला बंदी. फोन फास्टबूटमध्ये (कॉम्प्युटरवरून कमांड घेणाऱ्या मोडमध्ये) टाकून 'गेटव्हार अँटी' कमांड द्यायची. आकडा ४ आला तर जुनं फर्मवेअर (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) चुकूनही टाकायचं नाही, फोन ब्रिक होतो, म्हणजे नुसती वीट उरते. मी हे दहा ओळींत नीट लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यावर सुप्रभातचे गुलाब, कुणाच्या तरी भाच्याचा वाढदिवस आणि क्रिकेटवरून भांडण. चार दिवसांनी आलेल्या एका पोराने जुनं फर्मवेअर मारलं. रात्री अकराला त्याच्या भावाच्या नंबरवरून मेसेज: 'दादा, फोन चालूच होत नाहीये.' काय सांगणार? इशारा दिला होता, पण तो त्याच्यापर्यंत पोचेल अशी सोयच आम्ही केली नव्हती.

टेलिग्रामवर गेल्यावर ही कटकट मिटली. सेटिंगमध्ये जुनी चॅट खुली ठेवली की नव्या माणसाला जुनं सगळं दिसतं, शोधता येतं. 'रोझ' हा बॉट (ग्रुपमध्ये आपोआप काम करणारा प्रोग्राम) बसवला की उत्तरांच्या नोट्स करून ठेवता येतात. कुणी विचारलं की हॅशटॅग लावून एक शब्द टाकायचा, अख्खं उत्तर समोर. २०२२ मध्ये टॉपिक्स (एकाच ग्रुपमध्ये विषयवार कप्पे) आले, तेव्हापासून कॅमेऱ्याची चर्चा वेगळी आणि बॅटरीचं रडगाणं वेगळं.

व्हॉट्सॲपही जागेवर बसलेलं नाही. २५६ ची मर्यादा १०२४ वर गेली, कम्युनिटी (अनेक ग्रुप एका छताखाली) आल्या, मेसेज पिन करता येतो. लहान ग्रुपला एवढं पुरेल कदाचित. पण आमच्याकडच्या दोन मुलींनी ग्रुप सोडला तो वेगळ्याच कारणाने: नंबर सगळ्यांना दिसत होता आणि अनोळखी पोरांचं 'हाय' सुरू झालं होतं. टेलिग्रामवर नंबर लपवून नुसत्या युजरनेमवर वावरता येतं.

टेलिग्राम धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही. तिथे ग्रुपमधलं बोलणं एंड-टू-एंड एनक्रिप्टेड नसतं, म्हणजे फक्त ग्रुपमधल्यांनाच वाचता येईल असं कुलूपबंद नसतं. आणि क्रिप्टोत पैसे दुप्पट करून देणारे रातोरात घुसतात, त्यामुळे दारात कॅप्चा (येणारा माणूसच आहे ना, हे तपासणारं छोटं कोडं) लावावाच लागतो.

जुना व्हॉट्सॲप ग्रुप मी बंद केलेला नाही. गुलाब अजून येतात. फोनचं कुणी विचारलं की मी टेलिग्रामची लिंक टाकतो.