जहाजावरचा पत्रा की सोलापुरातला? आयटीआय झालेल्या पोरांसाठी

माझ्या भाच्याचं शीट मेटल वर्करचं एक वर्ष यंदा पूर्ण झालं. रविवारी घरी आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "मामा, शिपयार्डाचा अर्ज भरू, का तुमच्याच हाताखाली राहू?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीच्या आसपासच्या बऱ्याच घरांत हा प्रश्न पडलेला मला माहीत आहे. मी सात वर्षं मुंबईत जहाजांवर डक्टिंग केलं, म्हणजे हवा खेळवणाऱ्या पत्र्याच्या नळ्या बसवल्या. आता सोलापुरात साखर कारखान्यांचं क्लॅडिंग (पाइपच्या इन्सुलेशनवरचं पत्र्याचं आवरण) आणि हॉटेलांच्या किचनचं स्टीलचं काम घेतो. म्हणजे दोन्हीकडचा पत्रा हाताला लागलेला आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. जहाजाचा सांगाडा आणि बाहेरचं कवच आपण बनवत नाही. ते जाड प्लेटचं काम, स्ट्रक्चरल फिटर आणि वेल्डरचं. आपल्या वाट्याला साधारण तीन मिलिमीटरच्या आतला पत्रा येतो: हवेचे डक्ट, केबल ट्रे, लॉकर, जहाजाच्या स्वयंपाकघरातलं स्टील, इन्सुलेशनवरचं आवरण. त्यामुळे भरतीची जाहिरात वाचताना ट्रेडचं नाव नीट बघा. कोचीन शिपयार्डच्या भरतीत शीट मेटल वर्कर असा वेगळा ट्रेड असतो. मुंबईच्या माझगाव डॉक या शिपयार्डच्या जाहिरातींत स्ट्रक्चरल फॅब्रिकेटर, पाइप फिटर, कॉम्पोझिट वेल्डर ही नावं जास्त दिसतात. मुंबईत डक्टिंगवाल्याला बहुतेक वेळा उपकंत्राटदाराकडूनच आत जावं लागतं. हा फरक फार मोठा आहे, त्यावर पुढे येतो.

हात कुठे जास्त तयार होतो? माझ्या मते जहाजावर, आणि त्याचं कारण पाणसळ, म्हणजे स्पिरिट लेव्हल. सोलापुरात कुठल्याही साइटवर आपण पाणसळ लावतो आणि डक्ट सरळ टांगतो. तरंगत्या जहाजावर पाणसळीला काही अर्थच नाही. जहाज आज एका बाजूला कललेलं, उद्या आत सामान चढलं की दुसऱ्या. बांधणीच्या उतारावर असेल तेव्हाही तेच. तिथे सगळी मापं जहाजाची मधली रेषा (सेंटर लाइन), सांगाड्याच्या फासळ्यांचे नंबर (फ्रेम नंबर) आणि डेक, म्हणजे मजल्याची पातळी, धरून घ्यायची. त्यात डेकखाली वीतभर जागा, आणि त्याच जागेत पाइपवाल्याचा पाइप, इलेक्ट्रिशियनची केबल आणि आपला डक्ट. ड्रॉइंगमध्ये सरळ दिसणारा डक्ट प्रत्यक्षात दोनदा वळवावा लागतो. चौकोनातून गोल, गोलातून चपटा अशी डेव्हलपमेंट, म्हणजे कापायच्या पत्र्याची सपाट आकृती, मी आयटीआयत परीक्षेपुरती काढली होती. जहाजावर ती पहिल्या सहा महिन्यांत तोंडपाठ झाली.

दुसरं शिक्षण धातूचं. इथे हॉटेलच्या ओट्याला 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील चालतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत उघड्यावर त्याला बारीक खड्डे पडतात, म्हणून 316 वापरतात, त्यात मॉलिब्डेनम असतं. ॲल्युमिनियम थेट लोखंडाला टेकवलं तर खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं, मध्ये गॅस्केट लागतंच. आणि वॉटरटाइट बल्कहेडला, म्हणजे जहाजातल्या पाणी अडवणाऱ्या भिंतीला, विचारल्याशिवाय एक छिद्रही पाडायचं नाही. पहिल्याच आठवड्यात ब्रॅकेटसाठी ड्रिल लावलं तेव्हा सुपरवायझरनं माझा हात धरला होता. जहाजात पाणी शिरलं तर ते त्याच भिंतीशी थांबायला हवं, हे त्यानं तिथेच उभं राहून समजावलं. आजही ड्रिल उचलताना मला ते आठवतं.

सोलापूरचं काम कमी प्रतीचं, असं मात्र समजू नका. स्टीम पाइपच्या वाकाला ॲल्युमिनियमचे तुकडे कापून एल्बो जोडणं, आतली रॉकवूल (उष्णता अडवणारी लोकर) पावसात भिजू नये म्हणून जोडाचं तोंड खाली ठेवणं, हे कौशल्यच आहे. कामही भरपूर. जिल्हाभर साखर कारखाने आहेत, फताटेवाडीला एनटीपीसीचं 1320 मेगावॉटचं वीज केंद्र आहे, सूतगिरण्यांचे हवेचे डक्ट आहेत, उन्हाळ्यात पत्र्याचे कूलर आहेत. अडचण हंगामाची. कारखान्यांचं गाळप साधारण नोव्हेंबरला सुरू होऊन मार्चपर्यंत चालतं, आणि आपलं मोठं काम गाळप थांबल्यावर निघतं. एप्रिल ते ऑक्टोबर हाताला उसंत नाही, थंडीत मात्र काम शोधत फिरावं लागतं. शिवाय बिल निघायला किती महिने लागतील ते कारखान्याच्या तिजोरीवर. यार्डात महिन्याची तारीख ठरलेली असते, निदान कंत्राटदार बरा असेल तर.

शरीराचा हिशेब दोन्हीकडे द्यावा लागतो. इथे मे महिन्यात बॉयलरजवळ पत्रा हाताला चटका देतो. जहाजावर बंदिस्त खोल्या असतात, शेजारी कोणी ग्राइंडर चालवतं, कोणी छिन्नीनं लोखंड ठोकतं, आवाज लोखंडातून अंगात शिरतो. कानाला प्लग न लावता काढलेल्या दोन वर्षांची किंमत मी आज मोजतोय, डाव्या कानाला कमी ऐकू येतं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर निघतो. संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, दुसऱ्या दिवशी उतरतो. दूध किंवा गूळ घेतला की बाधत नाही असं जुने लोक म्हणतात. ते खरं नाही. जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा, धूर ओढणारा ब्लोअर लावा, योग्य मास्क घाला. चांगल्या यार्डात बंदिस्त टाकीत उतरण्याआधी हवा तपासतात, हॉट वर्क परमिट, म्हणजे वेल्डिंगसारख्या ठिणग्यांच्या कामाची लेखी परवानगी, घेतात, आगीवर लक्ष ठेवायला माणूस उभा करतात. या बाबतीत इथल्या छोट्या वर्कशॉपपेक्षा मोठं यार्ड पुष्कळ बरं, हे मान्य केलं पाहिजे.

आता आत जायच्या दाराचं. अप्रेंटिस म्हणून गेलात तर विद्यावेतन कमी, पण शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. ते पुढे दुसरीकडे अर्ज करतानाही उपयोगी पडतं. त्यावर कायम नोकरी मिळेलच असं नाही. अलीकडे कुशल कामगारांची भरतीही बरीचशी मुदतीच्या करारावर होते, हे गृहीत धरूनच जा.

कंत्राटदाराच्या दारानं गेलात तर पहिल्या महिन्यापासून हातात जास्त दिसतं. मी त्याच दारानं गेलो. एका कंत्राटदारानं माझ्या पगारातून दीड वर्ष पीएफ कापला आणि भरलाच नाही. खात्यात पाहायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. तुम्ही यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, पहिल्या महिन्यातच मागा आणि दर महिन्याला पासबुक मोबाइलवर बघा. ईएसआयचं कार्ड आहे का, ओव्हरटाइम दुप्पट दरानं देतो का, राहायची सोय कोणाची, हे सोलापूर सोडायच्या आधी विचारा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईत उतरल्यावर हे प्रश्न विचारायची ताकद राहत नाही.

राहण्याचा खर्च पगारातून वजा केल्याशिवाय तुलना करूच नका. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरणारी पोरं मानखुर्द, पनवेलकडून येतात. खोली परवडत नाही, कॉटवर, म्हणजे एका खाटेपुरती जागा भाड्यानं घेऊन, राहावं लागतं. इथे आईच्या हातची भाकरी आणि शेंगाचटणी आहे, त्या घरात भाडं नाही. माझ्या वहीत मुंबईतली आणि सोलापुरातली शिल्लक जवळजवळ सारखीच निघाली होती.

म्हणून माझं मत असं. वय वीसच्या आत-बाहेर, घरची जबाबदारी अजून अंगावर नाही, आणि अप्रेंटिसची जागा मिळतेय, तर मुंबई, गोवा, कोची कुठेही जा. घरचं वर्कशॉप आहे, किंवा वडील आजारी आहेत आणि तुमच्याच पगारावर चूल पेटते, तर इथेच थांबा आणि फावल्या महिन्यांत पातळ स्टील जोडायचं टिग वेल्डिंग शिका. फक्त कंत्राटदाराच्या तोंडी शब्दावर घर सोडू नका.

15 जानेवारी 2025 ला सुरत आणि निलगिरी ही दोन जहाजं आणि वाघशीर ही पाणबुडी, तिन्ही माझगावात बांधलेली, एकाच दिवशी नौदलात गेली, ते मी टीव्हीवर पाहिलं. त्यांच्या आत मी कधी पाय ठेवलेला नाही, तरी कुणाच्या तरी हातचे डक्ट आत आहेत हे आठवून ऊर भरून आला. भाचा शेजारीच बसला होता. त्यानं अप्रेंटिसचा अर्ज भरलाय. पोलीस पडताळणीचे कागद गोळा होईपर्यंत तो माझ्याबरोबर एका कारखान्याच्या स्टीम लाइनवर एल्बोचे तुकडे कापतोय. पहिले दोन जुळले नाहीत, पत्रा वाया गेला. तिसऱ्यासाठी त्यानं आधी कागदावर आकृती काढली.