गुडघ्याचं ऑपरेशन: आधी हिमोग्लोबिन वाढवायचं की नंतर रक्त चढवायचं?

ज्योतिबाच्या चैत्र यात्रेपर्यंत आई चालती-फिरती व्हायला पाहिजे, म्हणून गुडघा बदलायच्या ऑपरेशनची तारीख घाईनं घेतली जाते. रिपोर्टात हिमोग्लोबिन ९.५ दिसतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, "कमी पडलं तर चढवू की एक बाटली." कोल्हापुरात तालमीतली पोरं रक्त द्यायला लगेच उभी राहतात, त्यामुळे हा मार्ग सोपा वाटतो. माझं मत मात्र ठाम आहे: गुडघा महिना-दीड महिना थांबू शकतो, आधी हिमोग्लोबिन सुधारा.

ऑपरेशनच्या वेळी बहुतेकदा मांडीला पट्टा आवळलेला असतो, त्यामुळे टेबलावर रक्त फारसं जात नाही. बरंचसं नंतर सांध्यात आणि आसपासच्या मांसात झिरपतं. म्हणून हिमोग्लोबिन दोन-तीन दिवसांनी तळाला जातं, आणि २ ते ३ ग्रॅमनं उतरणं नेहमीचंच. १३ वरून १०.५ वर आलेली बाई वॉकर धरून चालायला लागते. ९.५ वरून ७ वर आली, तर उठून बसतानाच डोळ्यांपुढं अंधारी येते आणि व्यायाम मागं पडतो.

रक्ताच्या एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅम वाढतं, तेही लगेच. हा तिचा मोठा गुण. पण ताप, अ‍ॅलर्जी, आणि हृदय अशक्त असेल तर फुप्फुसांत पाणी साठून धाप लागणं, हे धोके उरतात. म्हणूनच पिशवी लावताना नाव, गट, नंबर दोघं ताडून बघतात आणि पहिली पंधरा मिनिटं नर्स जवळ थांबते.

लोहाच्या गोळ्या स्वस्त, पण वेळखाऊ. शौचाला काळं होतं, पोट बिघडतं, आणि गोळीवर लगेच चहा घेतला तर लोह नीट शोषलं जात नाही. हातात तीन-चार आठवडेच असतील किंवा गोळ्या सोसत नसतील, तर शिरेतून दिलेलं लोह बरं. गूळ-शेंगदाणे जरूर खा, मटणातलं लोह तर चांगलं अंगी लागतं. पण ९ चं १२ व्हायला तेवढं पुरत नाही.

त्याआधी हिमोग्लोबिन का उतरलं, हे शोधा. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात जखम होऊन रक्त हळूहळू जात असतं, हे पुष्कळदा कुणाच्या लक्षातच येत नाही. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), बी-१२ आणि किडनीच्या तपासण्या करून घ्या. लोहाची कमतरता नसेल, तर लोह देऊन काही साधत नाही.

ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडबद्दल सर्जनना विचाराच. हे जुनं, स्वस्त औषध आहे आणि त्यानं रक्तस्राव व रक्त चढवण्याची गरज दोन्ही कमी होतात. पूर्वी फिट आली असेल, रक्ताची गुठळी झाली असेल किंवा किडनी कमजोर असेल, तर ते आधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

एवढं करूनही रक्त लागलं, तर नाही म्हणू नका. साधारणपणे ८ च्या खाली गेल्यावर, किंवा छातीत दुखणं, धाप, न थांबणारी चक्कर असेल तर ते द्यावंच लागतं. एक पिशवी द्यायची, पुन्हा तपासायचं, मग दुसरीचं ठरवायचं. दोन्ही गुडघे एकाच वेळी करायचे असतील, तर रक्त जास्त जातं. हिमोग्लोबिन कमी असलेल्या वयस्कर माणसाचा मी तरी एकेकच गुडघा करून घेईन.